आप्पा, इंजिनं आणि पेंडाईनची वाळू

माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या, खिशात कायम एक मोजपट्टी असते. दिसायला साधी, पण तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा जरासा मोठा आहे. ओतीव लोखंड गार होताना साधारण शंभराला एक या हिशेबानं आकसतं, म्हणून ज्यावरून साचा पाडतात तो लाकडाचा पॅटर्न तेवढा वाढवून करावा लागतो. चाळीस वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांनी हे काम केलं. आधी फौंड्रीत मोल्डर, मग पॅटर्नमेकर. विहिरीवर आणि गुऱ्हाळावर चालणाऱ्या ऑइल इंजिनांचे सिलिंडर, त्यांच्यावरची झाकणं म्हणजे हेड, फ्लायव्हील, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं.

गेल्या ऑगस्टमध्ये ते माझ्याकडं इंग्लंडात, रेडिंगला आले. लंडनचे राजवाडे दोन दिवसांत उरकले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना म्हणाले, "आता इंजिनं दाखीव. जुनी. ज्यांनी पैल्यांदा केली त्यांची." मी ऑफिसात रजा टाकली आणि पाच दिवसांचा बेत आखला.

पहिला दिवस : ब्रुकलँड्स

रेडिंगहून वेब्रिज तासाभरावर. या गावाजवळ ह्यू लॉक किंग नावाच्या जमीनदारानं १९०७ मध्ये स्वतःच्या जमिनीवर आणि स्वतःच्या पैशानं शर्यतीचा मार्ग बांधला. इंग्लंडच्या रस्त्यांवर तेव्हा ताशी २० मैलांची मर्यादा होती. फ्रान्समध्ये सार्वजनिक रस्ते बंद करून शर्यती व्हायच्या, इथं त्याला परवानगी नव्हती. मग इंजिनाची ताकद अजमावायची तरी कुठं? लॉक किंगनं पावणेतीन मैलांचा काँक्रीटचा अंडाकृती मार्ग बांधला. वळणांवर त्याच्या कडा जवळजवळ ९ मीटर उचललेल्या. आज त्यातले तुकडेच उरलेत. मेंबर्स बँकिंग म्हणतात त्या वळणाच्या पायथ्याशी आम्ही उभे राहिलो. शेवाळ, भेगा, भेगांतून उगवलेलं गवत. आप्पांनी दोन पावलं वर टाकून बघितली आणि हात टेकून परत खाली आले. "ह्याच्यावरनं गाडी पळवायची म्हंजे भिंतीवरनं पळवायची," म्हणाले.

संग्रहालयात कॉनकॉर्ड विमानही आहे, लोक तिकडंच धावत होते. आम्ही सरळ नेपियर-रेल्टनकडं गेलो.

ही गाडी १९३३ ची. जॉन कॉब या शर्यतपटूसाठी रीड रेल्टननं आखलेली. ॲल्युमिनियमचं चकचकीत अंग, त्यात नेपियर कंपनीचं 'लायन' हे विमानाचं इंजिन, जवळजवळ २४ लिटरचं. त्याची रचना मी फोटोंमध्ये कितीदा पाहिली होती, पण आप्पांना समजावताना पहिल्यांदा नीट समजली. बारा सिलिंडर, पण एका रांगेत नाहीत, दोन रांगांतही नाहीत. चार-चारच्या तीन रांगा. एक सरळ उभी, एक डावीकडं कललेली, एक उजवीकडं. समोरून पाहिलं तर कोंबडीच्या पायाची तीन बोटं पसरावीत तसं. तिन्ही रांगा एकाच क्रँकशाफ्टवर, म्हणजे पिस्टनच्या धक्क्यानं फिरणाऱ्या दांड्यावर, उतरतात. एका क्रँकपिनवर तीन कनेक्टिंग रॉड, त्यातला एक मुख्य, बाकीचे दोन त्याच्याच मोठ्या टोकाला पिनेनं जोडलेले.

आप्पा गुडघ्यावर हात ठेवून वाकले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग वितीनं हवेतच मापं घेतली.

"चार सिलिंडरच्या लांबीत बारा बसवल्यात की गं."

नेमकं तेच. क्रँकशाफ्ट जितका लांब तितका तो पिळला जातो आणि थरथरतो. विमानाच्या नाकात जागाही थोडी. आर्थर रोलेज या अभियंत्यानं पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस हे इंजिन आखलं तेव्हा क्रँकशाफ्ट आखूड ठेवून ताकद वाढवण्याचा हा उपाय काढला. प्रत्येक रांगेवर व्हॉल्व्ह उघडणारे दोन कॅमशाफ्ट, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. विमानांसाठी केलेल्या या इंजिनानं पुढं पाण्यावर आणि जमिनीवरही विक्रम केले.

कॉबनं ७ ऑक्टोबर १९३५ ला या गाडीतून ब्रुकलँड्सच्या बाहेरच्या मार्गाची एक फेरी सरासरी ताशी १४३.४४ मैलांनी, म्हणजे जवळपास २३१ किलोमीटरनं मारली. १९३९ मध्ये युद्ध आलं, मार्ग कायमचा बंद झाला आणि तो विक्रम तसाच राहिला. गाडीला पुढच्या चाकांना ब्रेकच नाहीत, हे मी सांगितल्यावर आप्पांनी पुढचं चाक पुन्हा एकदा जाऊन बघितलं. युद्धानंतर याच गाडीवर विमानांच्या पॅराशूटची चाचणी घ्यायचे. पळवायला नेपियर लायन, थांबवायला पॅराशूट. मला त्या गाडीच्या आयुष्यातला हा भाग फार आवडतो. शर्यती संपल्यावर तिला कुणी भंगारात घातलं नाही, तिच्या ताकदीला काम दिलं.

दुपारी बाकावर बसून डबा खाताना मी आप्पांना याच मार्गावर १९११ मध्ये येऊन गेलेल्या एका गाडीबद्दल सांगितलं. फियाटची एस-७६. पिएत्रो बोर्दिनो ती घेऊन आला होता. सिलिंडर चारच, पण इंजिन २८.३ लिटरचं. आप्पांनी चपाती खाली ठेवली.

"बोअर किती?"

"१९० मिलिमीटर. स्ट्रोक २५०."

बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास, स्ट्रोक म्हणजे त्यात पिस्टन सरकतो ते अंतर. त्यांनी वहीत गुणाकार मांडला. एका सिलिंडरचे सात लिटर आले. आपल्याकडच्या एका मालट्रकचं सहा सिलिंडरचं अख्खं इंजिन साधारण जेवढं असतं, तेवढा हिचा एकेक सिलिंडर. एवढ्या मोठ्या पोकळीत एका ठिणगीनं जाळ सगळीकडं वेळेत पोचत नाही, म्हणून प्रत्येक सिलिंडरला तीन स्पार्क प्लग. ताकद २९० अश्वशक्तीच्या घरात. १९१३ च्या डिसेंबरात बेल्जियमच्या ऑस्टेंड इथं आर्थर ड्युरेनं ही गाडी ताशी १३२ मैलांपर्यंत नेली, पण विक्रमासाठी तासाभराच्या आत उलट दिशेनंही पळवावी लागते, ते जमलं नाही. पुढं जवळजवळ शंभर वर्षं ती गाडी मुकीच राहिली. डंकन पिटावे या इंग्रज गृहस्थानं एका एस-७६ ची चासी आणि दुसरीचं इंजिन जुळवून २०१४ मध्ये ती पुन्हा सुरू केली.

"पण एवढं मोठं कशाला?" आप्पांनी विचारलं. "फिरवायचं जास्त."

तेव्हा फिरवता येत नव्हतं, हेच उत्तर. पिस्टन लोखंडी आणि जड. फेरे वाढवले की ते कनेक्टिंग रॉड ओढून तोडायचे. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा थकायच्या. पेट्रोल हलक्या प्रतीचं, कॉम्प्रेशन वाढवलं की इंजिन आतून ठोकायचं. फेरे वाढत नाहीत, दाब वाढत नाही, मग उरतो एकच मार्ग, प्रत्येक फेऱ्यात जास्त हवा आणि जास्त पेट्रोल जाळा. म्हणजे भांडं मोठं करा. एस-७६ मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आतच चालायची. त्या काळाच्या धातूनं जेवढं सोसलं तेवढं तिच्या करणाऱ्यांनी घेतलं, आणि मापाच्या बाबतीत कुठंही हात आखडला नाही.

आप्पा वहीतल्या आकड्याकडं बघत म्हणाले, "ह्याचा कोअर बसवायला दोन माणसं लागली असतील." कोअर म्हणजे ओतकामात आतली पोकळी राखायला साच्यात ठेवतात तो वाळूचा गाभा.

दुसरा दिवस : ब्यूली

न्यू फॉरेस्टच्या जंगलातून रस्ता जातो, मोकळी तट्टं रस्त्यातच उभी असतात, त्यामुळं पोचायला उशीर झाला. ब्यूलीच्या राष्ट्रीय मोटार संग्रहालयात शेकडो गाड्या आहेत. आम्ही त्यातल्या दोन-तीनच बघितल्या आणि त्यासाठी सगळा दिवस कमी पडला.

पहिली सनबीम ३५०. हिच्यातही विमानाचं इंजिन, 'मॅनिटू' जातीचं, बारा सिलिंडरचं, १८ लिटरचं. केनेल्म ली गिनेसनं १९२२ मध्ये ब्रुकलँड्सवर हिच्यातून ताशी १३३.७५ मैलांचा विक्रम केला. गिनेसच्या नावाची आद्याक्षरं घेतलेले केएलजी स्पार्क प्लग पुढं जगभर गेले. नंतर माल्कम कॅम्पबेलनं गाडी विकत घेतली, निळी रंगवली आणि वेल्समधल्या पेंडाईनच्या समुद्रकिनाऱ्यावर नेली. २५ सप्टेंबर १९२४ ला १४६.१६ मैल, पुढच्या वर्षी जुलैत १५० च्या पुढं. गाडीनं ताशी दीडशे मैल ओलांडले ते पहिल्यांदा तिथंच.

आप्पा अडकले ते मात्र १९९३ च्या गोष्टीवर. अनेक वर्षांनी त्या साली हे इंजिन सुरू केलं गेलं आणि तेलाची एक वाट तुंबलेली असल्यानं जाम झालं. मग कितीतरी वर्षं खपून त्याची पुन्हा बांधणी केली आणि जानेवारी २०१४ मध्ये ते परत धडधडलं.

"तेलाची वाट," आप्पा म्हणाले, आणि मग मला उद्यमनगरातली एक गोष्ट सांगितली. ती मी आजवर ऐकली नव्हती. त्यांच्या फौंड्रीतून ओतीव माल फेटलिंग, म्हणजे साफसफाई, होऊन बाहेर पडायचा तेव्हा एक म्हातारे मिस्त्री प्रत्येक तेलाच्या भोकातून तार घालून बघायचे. प्रत्येक. शंभर हेड असली तर शंभर. कोअरच्या वाळूचा एक खडा आत राहिला की शेतकऱ्याचं इंजिन ऐन उन्हाळ्यात बसणार, आणि उभा ऊस वाळणार. "मिस्त्रींना कुणी पगार वाढवून दिला न्हाई त्याचा," आप्पा म्हणाले. "पण त्यांच्या हातची तार फिरल्याशिवाय माल जायचा न्हाई."

त्यानंतर आप्पा त्या निळ्या गाडीभोवती फिरले ते वेगळ्या नजरेनं. नळ्यांची वळणं, नटांची डोकी, ओतकामाच्या अंगावर साच्याचे दोन भाग जुळतात तिथली पार्टिंगची पुसट रेघ. मला सगळ्या माहितीफलकांवर चालकांची नावं दिसत होती. आप्पांना मोल्डरचे हात दिसत होते.

दुसरी गाडी गोल्डन ॲरो. सोनेरी, लांब, बाणासारखी. हिच्यातही नेपियर लायन, पण शर्यतीसाठी आणखी ताणलेलं, ९२५ अश्वशक्तीचं. बॉनेटवर तीन उंचवटे आहेत. काल पाहिलेली कोंबडीच्या पायाची तीन बोटं इथं पत्र्याखालून वर आलेली. आप्पांनी मी सांगण्याआधीच ओळखलं आणि खूश झाले. हेन्री सीग्रेव्हनं ११ मार्च १९२९ ला अमेरिकेत डेटोनाच्या किनाऱ्यावर ही गाडी ताशी २३१.४५ मैलांनी पळवली. पाणी थंड राखायला आत बर्फ भरलेला होता. ही गाडी तिच्या सगळ्या आयुष्यात जेमतेम ३० किलोमीटर चालली आहे. एवढं इंजिन, एवढी मेहनत, आणि चाल एका गावाहून दुसऱ्या गावाला जाण्याइतकी. मला तिच्याजवळ उभं राहून वाईट वाटलं. सनबीमला निदान म्हातारपणी आवाज परत मिळाला.

सीग्रेव्हचीच १९२७ ची सनबीम, दोन इंजिनांची आणि ताशी २०० मैल ओलांडणारी पहिली गाडी, तीही याच संग्रहालयाची. पण तोवर आप्पांचे गुडघे बोलायला लागले होते.

तिसरा दिवस : घरीच

दिवसभर पाऊस. कुठं गेलो नाही. आप्पांनी पिठलं केलं.

पण दुपारी त्यांनी पुन्हा तोच प्रश्न काढला. मोठं भांडं एवढं चांगलं होतं तर गेलं का? मी टेबलावर कागद पसरला आणि १९१२ ची प्यूजो काढून दाखवली. माझ्या मते मोटारीच्या इंजिनाच्या इतिहासात त्या एका रेखाटनाएवढं मोलाचं दुसरं काही नाही.

प्यूजो कंपनीत जॉर्ज ब्वालो, ज्यूल गू आणि पाओलो झुक्कारेली हे तीन चालक होते. त्यांनी स्विस अभियंता एर्नेस्त आँरीला सोबत घेतलं आणि मालकाला सांगितलं, शर्यतीची गाडी आम्ही करतो. कंपनीतल्या शिकलेल्या अभियंत्यांनी त्यांना 'भोंदू' म्हटलं. या भोंदूंनी ७.६ लिटरचं इंजिन केलं. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, दोन आत घेणारे, दोन बाहेर टाकणारे, एकमेकांकडं कललेले. माथ्यावर दोन कॅमशाफ्ट, एक एका बाजूच्या व्हॉल्व्हसाठी, एक दुसऱ्या बाजूच्या. सुट्या सुट्या या गोष्टी आधीही कुणी ना कुणी केल्या होत्या, अगदी एस-७६ लाही चार व्हॉल्व्ह होतेच. सगळ्या एका इंजिनात अशा नेमक्या बसवल्या त्या यांनी.

आप्पांना चार व्हॉल्व्हचं गणित सांगावं लागलं नाही. एका मोठ्या दारापेक्षा दोन लहान दारं हलकी, पटकन उघडतात, पटकन मिटतात, आणि दोघांची कड मिळून जास्त वाट देते. व्हॉल्व्ह हलका झाला की स्प्रिंगवरचा भार कमी होतो आणि इंजिन जास्त फिरू शकतं.

जून १९१२ ला दिएप इथं फ्रेंच ग्रां प्री झाली. दोन दिवस, १,५४० किलोमीटर. समोर फियाटची एस-७४, १४ लिटरची, म्हणजे जवळजवळ दुप्पट. ब्वालो जवळपास १४ तास गाडी चालवून जिंकला. लुई वाग्नेरची फियाट १३ मिनिटं मागं. पुढच्या वर्षी गूनं तीच प्यूजो अमेरिकेत नेऊन इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत जिंकली. नंतर एक प्यूजो दुरुस्तीसाठी लॉस एंजेलिसमध्ये हॅरी मिलरच्या कारखान्यात गेली, त्यांनी ती उकलून अभ्यासली, आणि तिथून निघालेला इंजिनांचा वंश इंडियानापोलिसवर कित्येक दशकं राज्य करत राहिला. झुक्कारेली १९१३ मध्येच गाडीच्या चाचणीत गेला. ब्वालो महायुद्धात लढाऊ विमान चालवताना १९१६ मध्ये.

माझ्या भावाच्या पुण्यातल्या गाडीच्या इंजिनात सोळा व्हॉल्व्ह आहेत आणि दोन कॅमशाफ्ट. आप्पांनी फोन लावून त्याला बॉनेट उघडायला लावलं आणि व्हिडिओवर बघितलं. वर प्लास्टिकचं झाकण होतं, त्यामुळं दिसलं काहीच नाही. पण आप्पांनी त्याला "तुझ्या गाडीत भोंदूंचं इंजिन हाय" एवढं सांगून फोन ठेवला.

चौथा दिवस : प्रेस्कॉट

ग्लुस्टरशरमध्ये चेल्टनहॅमजवळ प्रेस्कॉट नावाची टेकडी आहे. बुगाटी ओनर्स क्लबनं ती १९३७ मध्ये घेतली. रस्ता जेमतेम एक किलोमीटरचा, वर चढत जाणारा आणि वळणावळणाचा. दरवर्षी ऑगस्टमध्ये व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबचे सभासद आपल्या जुन्या गाड्या घेऊन येतात आणि एकेक करून ही टेकडी चढतात. संग्रहालयात दोरीपलीकडं पाहिलेल्या जातीची इंजिनं इथं सफरचंदांच्या झाडांखाली बॉनेट उघडून बसलेली असतात.

गाडीतून उतरलो आणि आप्पा जागच्या जागी थांबले. नाक वर करून हुंगू लागले.

"एरंडेल."

मला आधी कळलंच नाही. मग मलाही वास आला, गोडसर, जळका, जड. खरंच एरंडेल होतं. जुन्या शर्यतीच्या गाड्यांमध्ये आजही एरंडाचं तेल वंगण म्हणून घालतात. ते पेट्रोलात सहज मिसळत नाही आणि प्रचंड उष्णतेतही धातूवर आपला थर धरून राहतं. कॅस्ट्रॉल हे नावच एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून आलेलं. आप्पांचे आजोबा बैलगाडीच्या कण्याला एरंडेल घालायचे, आणि आप्पांच्या आईनं दर रविवारी चमच्यानं पाजलेलं एरंडेल वेगळंच. पासष्ट-सत्तर वर्षांनी, परक्या मुलखात, सफरचंदाच्या बागेत तो वास भेटला. त्यानंतर दिवसभर आप्पा घरी आल्यासारखे वावरत होते.

जीएन नावाच्या गाड्या बऱ्याच होत्या. गॉडफ्रे आणि फ्रेझर-नॅश या दोन तरुणांनी काढलेल्या. हलकी चौकट, पुढं मोटारसायकलसारखं हवेनं थंड होणारं दोन सिलिंडरचं व्ही इंजिन, आणि मागं गिअरबॉक्सच नाही. प्रत्येक गिअरसाठी वेगळी साखळी. ज्या गिअरची साखळी हवी तिचा दाता अडकवायचा, बाकीच्या मोकळ्या फिरतात. आप्पांनी वाकून साखळ्या मोजल्या. "सायकलवाल्यानं केलेली मोटार," असं म्हणाले, आणि त्यात कौतुकच होतं.

मग एक बुगाटी टाइप ३५ दिसली. निळी, घोड्याच्या नालासारखा रेडिएटर. १९२४ मध्ये लियाँला पहिल्यांदा धावलेली ही जात. दोन लिटर, एका ओळीत आठ सिलिंडर, चार-चारच्या दोन ब्लॉकांत ओतलेले. बाहेरून बघावं तर इंजिन नव्हे, सुताराच्या हातची पेटी वाटावी. सगळ्या बाजू सपाट, कोपरे काटकोनी. आप्पा हेडचा सांधा शोधत होते. सांधा नाही. ब्लॉक आणि हेड एकाच ओतकामात, म्हणजे वरून बंद असलेला सिलिंडर.

त्यांनी मला मालकाला विचारायला लावलं, व्हॉल्व्ह घासायचे कसे? मालक साठीचे गृहस्थ होते, हाताला तेल. म्हणाले, अख्खा ब्लॉक वर उचलून काढायचा आणि खालून, सिलिंडरच्या तोंडातून काम करायचं. आप्पांनी मान हलवली आणि मराठीतच बोलायला लागले. सांध्याचं गॅस्केट त्या काळी दगा द्यायचं, सांधाच ठेवला नाही तर गळणार काय? पण ओतायला मात्र अवघड. पाण्याच्या जागेचा कोअर आत लटकता राहणार, तो जरा हलला की भिंत एकीकडं जाड, एकीकडं पातळ. मी भाषांतर करत गेले. मालक ऐकत गेले. शेवटी त्यांनी विचारलं, तुमचे वडील फौंड्रीत होते का?

पलीकडं एकजण जुन्या, पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या गाडीला हँडल मारायला वाकले होते. आप्पा त्यांच्या हाताकडं बघत होते. त्या गृहस्थांनी अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवला, दांड्याभोवती वळवला नाही. इंजिनानं उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटून जातं. अंगठा गुंफलेला असेल तर मनगट मोडतं. आमच्या गावात ऑइल इंजिनानं मोडलेली दोन मनगटं मी लहानपणी पाहिली आहेत. आप्पांनी आपला उजवा हात वर करून तसाच अंगठा मिटून दाखवला. त्या गृहस्थांनी बघितलं, हसले, आणि त्यांनीही आपला हात तसाच वर केला. मला त्यात एक शब्दही घालावा लागला नाही.

दुपारी पाऊस पडून गेला, रस्ता ओला झाला. तरी गाड्या चढत होत्या. सगळ्यात शेवटी विमानाचं इंजिन बसवलेली एक स्पेशल आली. बाकीच्या गाड्यांचा आवाज कापड फाटल्यासारखा, हिचा वेगळाच. संथ. एकेक ठोका मोजता येईल असा, आणि प्रत्येक ठोक्याबरोबर आखूड नळकांड्यांतून निळसर जाळ. ठोका आधी छातीत लागायचा, मग कानात. आप्पांनी डोळे मिटून घेतले होते.

"गुऱ्हाळ," ते म्हणाले. "पहाटं चारला गुऱ्हाळावर इंजिन धरायचं तसं."

पाचवा दिवस : पेंडाईन

चेल्टनहॅमला मुक्काम करून सकाळी निघालो. सेव्हर्न नदीवरचा पूल ओलांडला की वेल्स. पाट्यांवर दोन भाषा. तीन-साडेतीन तासांनी समुद्र दिसला.

पेंडाईनचा किनारा सात मैलांचा आहे. ओहोटीला वाळू सपाट आणि कठीण होते, म्हणून विक्रमवीर इथं यायचे. इथल्या संग्रहालयात उन्हाळ्यात 'बॅब्ज' नावाची विक्रमी गाडी ठेवलेली असते. मला सगळ्यात जास्त तिला भेटायचं होतं.

तिची गोष्ट सांगताना मी आप्पांना आधी एक नाव सांगितलं, लेलँड. आप्पा लगेच सावरून बसले, कारण अशोक लेलँडचा ट्रक त्यांच्या फौंड्रीच्या दारात रोज लागायचा. ते लेलँड म्हणजे इंग्लंडची लेलँड मोटर्स, आणि तिचे मुख्य अभियंता होते जे. जी. पॅरी-थॉमस, वेल्समध्ये रेक्सहॅमला जन्मलेले. १९२० मध्ये त्यांनी लेलँडसाठी आठ सिलिंडरची एक आलिशान गाडी आखली होती. तिचे व्हॉल्व्ह मिटवायला गोल स्प्रिंगांऐवजी पाटे वापरले होते. नंतर ते नोकरी सोडून ब्रुकलँड्सच्या आवारातच राहायला गेले आणि शर्यतीच्या गाड्या करू लागले.

काउंट लुई झ्बोरोव्स्की या शर्यतपटूनं एक राक्षसी गाडी बांधली होती. तिच्यात लिबर्टी इंजिन होतं, २७ लिटरचं, बारा सिलिंडरचं, ४०० अश्वशक्तीचं. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली तेव्हा जेसी व्हिन्सेंट आणि एल्बर्ट हॉल या दोघांनी वॉशिंग्टनच्या एका हॉटेलच्या खोलीत काही दिवसांत त्याची मूळ आखणी केली. मग वेगवेगळ्या मोटार कारखान्यांनी ती मिळून वीस हजारांवर बनवली. युद्ध संपलं आणि ही इंजिनं स्वस्तात मिळू लागली. झ्बोरोव्स्की १९२४ मध्ये मोंझाच्या शर्यतीत गेला. थॉमसनी त्याची गाडी १२५ पौंडांना घेतली, नवे पिस्टन घातले, नवा सांगाडा चढवला, नाव ठेवलं बॅब्ज. २८ एप्रिल १९२६ ला याच वाळूवर ताशी १७१.०२ मैल. आदल्या महिन्यातल्या विक्रमापेक्षा जवळजवळ १९ मैल जास्त, आणि तेही जवळच्या पुंजीतून, कुठल्या मोठ्या कंपनीच्या बळावर नाही.

पुढच्या फेब्रुवारीत कॅम्पबेलनं नेपियर लायन बसवलेल्या नव्या गाडीनं इथंच तो विक्रम मोडला. थॉमस परत आले. ३ मार्च १९२७ ला बॅब्ज उलटली आणि ते जागीच गेले. साखळी तुटली म्हणून, असं कित्येक वर्षं मानत होते. लोकांनी गाडी तिथंच वाळूत खड्डा करून पुरली.

१९६९ मध्ये बँगरच्या तंत्रशाळेतले ओवेन विन ओवेन हे अध्यापक परवानगी मिळवून आले आणि त्यांनी तिला बाहेर काढलं. तपासणीत संशय साखळीवरून मागच्या चाकाकडं वळला. ४२ वर्षं खाऱ्या वाळूत गेलेली ती गाडी त्यांनी वर्षानुवर्षं खपून पुन्हा चालती केली.

आता ती समोर होती. निळी-पांढरी, लांब नाकाची, बाजूला साखळ्या. आप्पा तिच्याजवळ फार वेळ उभे राहिले, पण मोजपट्टी काढली नाही, वहीही नाही. चप्पल मात्र दाराशी काढून ठेवली होती. मी नंतर पाहिलं.

ओहोटी लागली होती. आम्ही किनाऱ्यावर चालत गेलो. पलीकडं टेकाडांकडं लष्कराची हद्द आहे, त्याच बाजूला बॅब्ज पुरलेली होती. वारा जोराचा होता. आप्पा थांबले, वाकले आणि ओली वाळू मुठीत घेतली. फौंड्रीत रोज सकाळी घेतात तशी. मूठ घट्ट आवळली, उघडली. लाडू झाला होता, त्याच्यावर बोटांचे ठसे उमटले होते. मग त्यांनी तो दोन्ही हातांनी मधोमध मोडायला घेतला. मोडला नाही, भुसभुशीत होऊन बोटांतून गळाला.

"चिकण न्हाई ह्यात," ते म्हणाले. तळहातावर उरलेले कण उन्हात फिरवून बघितले. "शिंपल्याचा चुरा हाय. ह्यात लोखंड ओतलं तर उकळून वर यील."

त्यांनी हात झटकले नाहीत. रुमाल काढला, त्यात आणखी दोन मुठी वाळू बांधली आणि रुमाल माझ्याकडं दिला.

"उद्यमनगरात दाखवायला."